सातवा खण

गाडी रिकामी करायची तर आधी
ती भरली आहे हे कबूल करावं लागतं.
मी करत नव्हतो.
मग भेरूघाटात, तिसऱ्या वळणावर,
वरच्या कपाटातलं पितळी पातेलं
कुंदाच्या खांद्यावर उतरलं,
आणि मी कबूल केलं.

म्हणून आज रविवार, लोकमान्य नगर, सकाळचे साडेसहा.
फाटकापुढे जाजम,
जाजमावर आमची गाडी, आतली बाहेर.
(पांढऱ्या रंगाखालून अजून दिसतं
देवासच्या एका शाळेचं नाव.
अठरा पोरं न्यायची ती.
आता दोघांना नेताना दमते.)

तीन टॉर्च, तिन्हींत सेल फुटून आलेला बुरा.
फेविक्विक, स्वतःलाच चिकटलेली.
पिशव्यांची पिशवी, आणि तिच्यात
पिशव्यांची पिशवी.
अकरा किल्ल्या. कुलपं दोन.
लॉजातले साबण, नखाएवढे उरलेले,
तरी वडीच म्हणायची त्यांना.
लसणी शेवेचा डबा: शेव संपली, वास मुक्कामाला.
एक छत्री, जिची काडी
दर उन्हाळ्यात दुरुस्तीला जायची राहते.

कुंदाचा नियम सोपा:
मागच्या तीन फेऱ्यांत ज्याला हात लागला नाही
त्याने उतरायचं.
अगं, पण जॅक? मी म्हटलं,
पंक्चर झालं नाही हा काय जॅकचा गुन्हा?
जॅक राहू दे, म्हणाली.
तुझा तो थर्मास मात्र नको.
त्यात चहा गार होतो आणि तू गरम.

एकतीस वर्षं वीजमंडळात
प्रत्येक स्विचला मी नंबर दिला,
आणि या गाडीत प्रत्येक वस्तूला
एकच पत्ता: असू दे.
असू दे, लागेल.
असू दे, कोपऱ्यात बसेल.

सात वाजता कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
तिला सहा खण. आमच्या गाडीला सात.
लखन एकेक वस्तू हातात घेऊन
क्षणभर तोलतो, आणि ठरवतो.
काकाजी, ये सूखे में. ये सेल अलग.
छत्री उघडून पाहिली, मिटली,
आणि स्वतःच्या सीटमागे ठेवली, काडीसकट.
मला हेवा वाटला.
इतक्या लवकर ठरतं एखाद्याचं.

मग गोटे निघाले.
मागच्या चाकावरच्या खणातून, कुंदाच्या.
एकोणीस. जाईल त्या नदीचा एक.
मी वजनकाटा आणला: साडेचार किलो.
म्हटलं, एवढ्यात पाण्याचा कॅन मावला असता.
ती काही बोलली नाही.
लखन हसला, पत्थर का खाना नहीं है, काकाजी,
आणि गाणं वळणापलीकडे गेलं.

परत सोडू, कुंदा म्हणाली, ज्याच्या त्याच्या नदीत.
एक उचलून गालाला लावला.
हा तवा.
नाही, थांब. बेतवा.
दुसरा उचलला, बराच वेळ धरला,
आणि जाजमावर ठेवला, न बोलता.

दुपारपर्यंत सहा खणांना चिठ्ठ्या लागल्या,
माझ्या अक्षरात.
ताटं दोन. वाट्या चार,
त्यांतल्या दोन कुंदाने मोजल्या नाहीत
असं मी धरून चाललो.
सातवा रिकामा ठेवला.
चाचणीला अन्नपूर्णा रोडपर्यंत जाऊन आलो:
भरलेले सहा गप्प, आणि तो एकटा
प्रत्येक गतिरोधकावर खडखडत होता.

संध्याकाळी बघतो तर
माझे जोडी हरवलेले मोजे,
जे मी सुक्यात टाकायला काढले होते,
तिने लखनला दिलेच नव्हते.
एका मोज्यात एक गोटा.
मोजे तेरा निघाले.
उरलेल्या सहांना माझा मफलर.

चिठ्ठी लाव, म्हणाली.
मी पेन उघडून बसलो.
परत करायचे, लिहिलं,
आणि पुढे जागा सोडली
नदीच्या नावाएवढी.